वाचकांचे प्रश्न : संधिवाताची ओपीडी, सोलापुरातली आणि अमेरिकेतली

परदेशात पुढचं शिक्षण घेऊ पाहणाऱ्या डॉक्टरांची पत्रं आमच्याकडे नेहमीच येतात. या वेळी त्यातली बरीचशी एकाच विषयावरची निघाली: रुमॅटॉलॉजी, म्हणजे संधिवात आणि त्याच्या भावकीतले आजार, आणि त्या विषयातला बाह्यरुग्ण विभागातला अनुभव. म्हणून हे सदर या खेपेला त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : मी सोलापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. अमेरिकेत रुमॅटॉलॉजी करायची इच्छा आहे. सीनियर म्हणतात, तिथल्या ओपीडीचा अनुभव हवाच. इलेक्टिव्ह, ऑब्झर्व्हरशिप आणि एक्स्टर्नशिप असे तीन शब्द कानावर पडतात. मला यातलं काय मिळेल आणि कधी जावं?
– इंटर्न, सात रस्ता

आधी रस्ता किती लांबचा आहे ते बघा. अमेरिकेत थेट रुमॅटॉलॉजीला प्रवेश मिळत नाही. इंटर्नल मेडिसिनची, म्हणजे आपल्या जनरल मेडिसिनची, तीन वर्षांची रेसिडेन्सी (रुग्णालयात काम करत घ्यायचं प्रशिक्षण) आणि तिच्यावर दोन वर्षांची रुमॅटॉलॉजी फेलोशिप, अशी पाच वर्षं धरा. लहान मुलांच्या संधिवाताकडे वळायचं असेल तर पीडियाट्रिक्सची तीन आणि फेलोशिपची तीन. म्हणजे तुमचा पहिला अर्ज जनरल मेडिसिनचा असणार आणि तो वाचणारे लोकही जनरल मेडिसिनचेच असणार. रुमॅटॉलॉजिस्टचं शिफारसपत्र त्यात उठून दिसतं, पण चारही पत्रं त्याच विषयाची असली तर हा मुलगा वॉर्डात रात्रीची ड्यूटी करेल का, अशी शंका येते. दोन पत्रं जनरल मेडिसिनची, एक रुमॅटॉलॉजीचं आणि एक इथल्या विभागप्रमुखांचं, ही आमच्या मते चांगली वाटणी आहे. एका प्रोग्रामला चारच पत्रं जोडता येतात.

आता ते तीन शब्द. इलेक्टिव्ह ही पदवी हातात पडण्याआधीची गोष्ट. विद्यार्थी म्हणून तुम्ही तिथल्या मेडिकल स्कूलच्या रुग्णालयात जाता, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली रुग्णाला तपासता, हिस्ट्री घेता, केस मांडता. या तिन्हींत सगळ्यात वजनदार अनुभव हाच. इंटर्नला विद्यार्थी धरायचं की पदवीधर, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं, म्हणून अर्जाचं शुल्क भरण्याआधी त्यांच्या कार्यालयाला एका ओळीत विचारून घ्या. काही विद्यापीठं फक्त करार असलेल्या कॉलेजांचेच विद्यार्थी घेतात, तेही याच पत्रात विचारा.

ऑब्झर्व्हरशिप पदवीनंतरची. यात बघायचं, ऐकायचं, डॉक्टरांशी चर्चा करायची. रुग्णाला हात लावायचा नाही, नोंदी लिहायच्या नाहीत, ऑर्डर टाकायच्या नाहीत. एक्स्टर्नशिप म्हणजे पदवीनंतर प्रत्यक्ष काम करण्याची संधी. ती कमी ठिकाणी मिळते. तिच्याभोवती व्हिसाचा जो घोळ होतो तो बार्शीच्या पालकांच्या प्रश्नात पुढे येईल.

कधी जायचं, हे उलट मोजणी करून ठरवा. रेसिडेन्सी १ जुलैच्या सुमाराला सुरू होते. तिच्यासाठीचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात जातात आणि मॅचचा, म्हणजे कुणाला कोणत्या प्रोग्राममध्ये जागा मिळाली त्याचा, निकाल मार्चमध्ये लागतो. म्हणजे शिफारसपत्रं ऑगस्टअखेर अपलोड झालेली हवीत, आणि अनुभव त्याच वर्षीच्या एप्रिल ते जूनमध्ये घेतलेला हवा. जुलै टाळा. नवे रेसिडेंट आणि नवे फेलो तेव्हाच रुजू होतात, क्लिनिकमध्ये शिकवणाऱ्याचं लक्ष त्यांच्याकडे असतं आणि तुमच्या वाट्याला भिंतीलगतची जागा येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीची वार्षिक परिषद असते. त्या आठवड्यात क्लिनिक अर्धं रिकामं असतं, तेव्हा त्या तारखा तपासूनच दिवस मागा.

सरकारी कॉलेजचे असाल तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. ती या वेळापत्रकात कुठे बसते ते आजच कागदावर मांडा. बॉन्डच्या मधल्या सुट्टीत चार आठवडे उरकून येऊ म्हणणाऱ्यांची रजा ऐनवेळी नामंजूर होते आणि तिकडे मोठ्या मिनतवारीने मिळालेली तारीख वाया जाते.

आणखी एक. एका डॉक्टरांकडे सलग चार आठवडे राहा. चार गावांत चार वेगवेगळ्या डॉक्टरांकडे एकेक आठवडा काढून चार पत्रं गोळा करण्याचा मोह होतो. पण आठवड्याभरात कुणालाही तुमच्याबद्दल लिहिण्यासारखं काही सापडत नाही. मग 'वेळेवर येत असे, नम्र आहे' एवढ्यावर पत्र संपतं.

प्रश्न : साठ-सत्तर डॉक्टरांना ई-मेल केले. दोघांनी नकार कळवला, बाकीच्यांचं उत्तरच नाही. काय चुकतंय?
– डॉ., जुळे सोलापूर

सोबत पाठवलेला तुमचा मेल वाचला. तीन ठिकाणी चुकतंय.

पहिली चूक लांबीची. मेल साडेचारशे शब्दांचा आहे आणि मुद्दा शेवटच्या परिच्छेदात आहे. तिथला डॉक्टर दोन रुग्णांच्या मधल्या वेळात फोनवर मेल बघतो. दीडशे शब्दांत आटपा. विषयाच्या ओळीतच 'ऑब्झर्व्हरशिपची विनंती' आणि नेमक्या तारखा लिहा. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, दुसऱ्यात काय हवंय आणि किती आठवडे, तिसऱ्यात यांनाच का विचारलं. त्यांचं क्लिनिक ल्यूपसचं (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा एक आजार) असेल तर ल्यूपसबद्दल एक खरं वाक्य लिहा. मग परीक्षांचे निकाल. अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या यूएसएमएलई परीक्षेच्या स्टेप १ चा निकाल जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास असतो, त्यामुळे तिच्याच पुढच्या टप्प्याचे, स्टेप २ सीकेचे, गुण लिहा. शेवटी एक वाक्य: 'खर्च, विमा आणि कागदपत्रं माझी मी बघेन, रुग्णसेवेत प्रत्यक्ष सहभागाची अपेक्षा नाही.' हे वाचून समोरच्याची अर्धी काळजी मिटते. बायोडेटा एका पानाचा, पीडीएफमध्ये.

दुसरी चूक पत्त्यांची. तुमची सगळी यादी मोठ्या नावाजलेल्या विद्यापीठांची आहे. तिथला डॉक्टर स्वतः हो म्हणाला तरी परवानगी त्याच्या हातात नसते, संस्थेचं कार्यालय ठरवतं. त्या जागांसाठी कार्यालयाच्या ठरलेल्या अर्जानेच जा. व्यक्तिगत मेल पाठवायचे तर मध्यम शहरांतल्या, रेसिडेन्सी प्रोग्राम असलेल्या सामुदायिक रुग्णालयांना जोडलेल्या रुमॅटॉलॉजिस्टना पाठवा. रुमॅटॉलॉजी हा मुख्यतः ओपीडीचाच विषय असल्याने खाजगी क्लिनिकमध्येही शिकायला भरपूर मिळतं. मात्र त्या डॉक्टरांचा एखाद्या प्रोग्रामशी अध्यापनाचा संबंध असेल तर पत्राला जास्त किंमत येते.

तिसरी चूक वेळेची. तुमचे मेल इथल्या सकाळी दहाला गेलेत, तेव्हा तिकडे रात्र असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा झालेले असतात. मेल त्या सुमाराला पोचू द्या. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करा, एकदाच.

प्रश्न : क्लिनिकने टीबीची चाचणी मागितली. मांटूची गाठ १४ मिलिमीटर आली. आता ते छातीचा एक्स-रे आणि औषधोपचाराचं विचारताहेत. माझं काम अडणार का?
– डॉ., होटगी रोड

मांटू, म्हणजे कातडीत सुई टोचून करायची टीबीची चाचणी, करायलाच नको होती. लहानपणी बीसीजी घेतलेल्या माणसात ती चाचणी लशीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रा ही रक्ताची चाचणी करून घ्या, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली की तो अहवाल आणि एक्स-रे पाठवा, बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं. पॉझिटिव्ह आली तर मात्र ती अडचण समजून बाजूला सारू नका, छातीच्या डॉक्टरांना दाखवा. सुप्त क्षयासाठी औषध घ्यायचं की नाही हे त्यांच्याशी बोलून ठरवा.

लशींचं वेळापत्रक आत्ताच बघा, कारण यात महिने जातात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांचे, आणि नंतर अँटिबॉडीची पातळी किमान १० हवी. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस २८ दिवसांच्या अंतराने. कांजिण्यांचे दोन डोस किंवा अँटिबॉडीचा पुरावा. गोवर आणि कांजिण्यांच्या लशी जिवंत विषाणूंच्या असतात आणि त्यांच्यामुळे टीबीची चाचणी काही काळ खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून इग्राचं रक्त लस घेण्याच्या दिवशीच द्या किंवा चार ते सहा आठवडे थांबा.

प्रश्न : आमच्या कॉलेजात रुमॅटॉलॉजीचा वेगळा विभाग नाही. संधिवाताचे रुग्ण कधी मेडिसिनला, कधी ऑर्थोला येतात. परदेशी जाण्याआधी इथे काही शिकता येईल का, की तिकडे गेल्यावरच सुरुवात होणार?
– निवासी डॉक्टर, सोलापूर

या पत्राने आम्हाला सगळ्यात बरं वाटलं, कारण खरी तयारी इथेच होते. अमेरिकेतल्या ऑब्झर्व्हरशिपमध्ये तुमचे हात बांधलेले असतात. सांधा हाताळायला शिकायचं तर ते सोलापुरात, सिव्हिलच्या ओपीडीत. रुग्ण इथे आहेत. भिगवण, पुण्याला जाताना लागतं तेच, तिथे १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली होती. त्यात प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचं दुखणं आढळलं, आणि आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, साधारण दोनशेत एकाला. आपल्या जिल्ह्याच्या शेजारच्या गावातला हा आकडा आहे. म्हणजे मेडिसिनच्या ओपीडीत 'अंग दुखतंय' म्हणून डायक्लोफेनॅक घेऊन जाणाऱ्यांत तुमचे रुग्ण बसलेले आहेत.

सुरुवात २८ सांध्यांपासून करा. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे हे आठ झाले. उरलेले वीस हातांचे: दोन्ही हातांचे मुठीतले (बोटं तळहाताला जुळतात तिथले) दहा आणि बोटांच्या मधल्या पेरांचे दहा, अंगठ्याचं पेर धरून. प्रत्येक सांध्याचे दोन वेगळे प्रश्न असतात: दुखतो का आणि सुजलाय का. दुखणं बघताना दाब किती द्यायचा? तुमच्या स्वतःच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका, त्याहून कमी नको आणि जास्तही नको. सूज मात्र डोळ्यांनी ठरवू नका. बोटाच्या मधल्या पेरावर एका हाताची दोन बोटं दोन बाजूंनी ठेवा, दुसऱ्या हाताची वरून आणि खालून. एका जोडीने हलकं दाबलं की आतलं पाणी किंवा सुजलेलं अस्तर दुसऱ्या जोडीच्या बोटांना उचलतं. कणकेचा मऊ गोळा दाबल्यासारखं लागलं तर ती सूज आहे. दगडासारखं टणक लागलं तर ते वाढलेलं हाड, म्हणजे वयाची झीज. हा फरक बोटांना कळायला शंभरेक हात तपासावे लागतात, पुस्तकातून तो येत नाही. पायाची बोटं या २८ मध्ये नाहीत, पण आमवात बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. म्हणून चप्पल काढायला सांगा आणि पंजा दोन्ही बाजूंनी हळूच आवळून बघा.

मोजलेलं लिहून ठेवा. सीडीएआय नावाचा निर्देशांक ओपीडीसाठी सगळ्यात सोयीचा, कारण त्याला रक्ताचा अहवाल लागत नाही. दुखणारे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाने स्वतःच्या त्रासाला दिलेले दहापैकी गुण आणि डॉक्टरने दिलेले दहापैकी गुण, या चारांची बेरीज. २.८ पर्यंत आजार शांत, १० पर्यंत कमी, २२ पर्यंत मध्यम, त्यावर जोरात. प्रत्येक भेटीला हा आकडा केसपेपरच्या कोपऱ्यात लिहायची सवय लावलीत तर तिकडच्या क्लिनिकमधली अर्धी चर्चा तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. तिथे औषध वाढवायचं की बदलायचं हे याच आकड्यावर ठरतं.

हिस्ट्री इथल्या जगण्यातून घ्या. 'सकाळचा ताठरपणा किती मिनिटं?' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. 'उठल्यावर भाकरी थापायला हात कधी मोकळे होतात?' असं विचारा. विडी वळणाऱ्या बाईला विचारा की दोरा बांधताना चिमूट धरते का, आणि पूर्वी दिवसाला जेवढ्या विड्या व्हायच्या तेवढ्या होतात का. यंत्रमागावरच्या कामगाराला विचारा की तुटलेला धागा जोडताना बोटं ऐकतात का. ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत गेला तर बहुधा झीज. तास उलटून गेला तरी हात उघडत नसेल तर आमवाताचा विचार करा. पूर्व भागात तेलुगू आणि अक्कलकोटकडून येणाऱ्यांशी कन्नड, निदान हे दोन-तीन प्रश्न तरी त्या भाषांतून पाठ करून ठेवा.

आपल्याकडे कुठे फसगत होते तेही लक्षात असू द्या. 'आरए टेस्ट (रक्तातल्या रुमॅटॉइड फॅक्टरची चाचणी) पॉझिटिव्ह' म्हणजे आमवात, हा समज फार खोलवर आहे. ती चाचणी क्षय, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी आणि नुसत्या म्हातारपणातही पॉझिटिव्ह येते. अँटी-सीसीपी ही रक्ताची दुसरी चाचणी जास्त नेमकी. दुसरं, रक्ताच्या चाचणीत एएसओ वाढलं म्हणून प्रौढ माणसाला वर्षानुवर्षं पेनिसिलीन. एएसओ एवढंच सांगतं की घशाचा किंवा त्वचेचा स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होऊन गेला असावा. तिसरं, चिकुनगुनिया. साथीनंतर महिनोन्महिने दोन्ही हातांचे सांधे सुजलेले राहतात आणि चित्र हुबेहूब आमवातासारखं दिसतं. म्हणून ताप आला होता का, घरात आणखी कुणाला आला होता का, हे विचारल्याशिवाय आजाराला नाव देऊ नका. चौथं, पुड्या. 'वाताची पुडी' घेऊन छान वाटणाऱ्या रुग्णाचा चेहरा गोल झालाय का, रक्तदाब आणि साखर वाढलीय का, बघा. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि तसा संशय असेल तर ती एकदम बंद करायला सांगू नका.

मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या नेहमीच्या औषधावर थोडं थांबतो, कारण या विषयातली सगळ्यात घातक चूक याच गोळीची. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रुग्ण बाकीच्या गोळ्यांबरोबर ती रोज घेतो, दहा-बारा दिवसांत तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, आणि माणूस आयसीयूत पोचतो. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढंच लिहू नका, वाराचं नाव लिहा: 'फक्त रविवारी'. फॉलिक अॅसिड ५ मिलिग्रॅम दुसऱ्या दिवशी. रुग्णाकडून वार तोंडाने म्हणवून घ्या. सुरुवातीच्या तीन महिन्यांत दर दोन ते चार आठवड्यांनी रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन, मग दर आठ ते बारा आठवड्यांनी. मूल हवं असलेल्या बाईला ही गोळी चालत नाही, हे लग्न झालंय का एवढं विचारून भागत नाही, स्पष्ट विचारावं लागतं.

इथूनच एक छोटं काम उभं राहतं. मेडिसिन ओपीडीतले मेथोट्रेक्सेटवरचे चाळीस रुग्ण घ्या आणि त्यांतल्या किती जणांची गेल्या बारा आठवड्यांत रक्ततपासणी झाली ते मोजा. मग चिठ्ठीवर वार लिहायला आणि तपासणीची तारीख टाकायला सुरुवात करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. एथिक्स कमिटीला आधी पत्र द्या. कॉलेजच्या बैठकीत ते मांडा. परदेशातल्या मुलाखतीत तुम्हाला दहा मिनिटं मनापासून बोलता येईल असा हा विषय आहे, आणि सोलापुरातल्या चाळीस माणसांचं भलं होईल ते वेगळंच.

प्रश्न : ऑब्झर्व्हरशिप मिळाली, पण तिथे नुसतं कोपऱ्यात उभं राहायचं असेल तर डॉक्टर माझ्याबद्दल चांगलं पत्र कसं लिहिणार?
– डॉ., विजापूर रोड

हात लावता येत नसला तरी विचार दाखवता येतो, आणि पत्र विचारावरच लिहिलं जातं.

पहिल्या दिवशी विचारा: 'दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांच्या आजारांची यादी मला संध्याकाळी मिळू शकेल का? नावं नकोत.' मिळाली तर रात्री वाचून जा. तिथे जायंट सेल आर्टरायटिस (डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांची सूज) आणि पॉलिमायाल्जिया र्‍हुमॅटिका (उतारवयात खांदे आणि कंबर आखडणारा आजार) नेहमी दिसतील. आपल्याकडे हे आजार क्वचितच नजरेला येतात, त्यामुळे बहुतेक आपली मुलं इथेच अडखळतात. पन्नाशीपुढच्या रुग्णाला नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं आणि दिसण्यात बदल, एवढ्यावर स्टेरॉइड त्याच दिवशी का सुरू करतात, बायोप्सीची वाट का बघत नाहीत, हे आधीच वाचलेलं असू द्या. डोळा गेला की तो परत येत नाही, हे त्याचं कारण. जैविक औषधांआधी क्षय, हिपॅटायटिस बी आणि सी का तपासतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीचा रोजचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत का ठेवतात, डोळ्यांची तपासणी कधी करतात, हेही रोजच लागणारं आहे. आणखी एक गोष्ट इथे कुणी शिकवत नाही: विमा कंपनीची पूर्वपरवानगी. महागडं औषध लिहिलं की आधी कोणती स्वस्त औषधं वापरून झाली, किती दिवस, का थांबवली, हे कळवावं लागतं. त्या पत्रव्यवहारात क्लिनिकचा मोठा वेळ जातो. तो नीट समजून घ्या, तिकडची ओपीडी कशावर चालते ते त्यातून कळतं.

रुग्ण बाहेर गेला की दोन वाक्यांत तुमचं मत मांडा आणि एकच प्रश्न विचारा. खोलीत, रुग्णासमोर नको. आठवड्यातून एकदा आठ मिनिटांची छोटी मांडणी करू का, असं स्वतः विचारा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी विचारा, 'माझ्यात काय सुधारायला हवं?' आणि जे सांगतील ते तिसऱ्या आठवड्यात करून दाखवा. पत्रात नेमका हाच बदल लिहिला जातो, आणि वाचणाऱ्याला तेच पटतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. आपल्याकडे एक्स-रेचा, हाताचा फोटो काढून ग्रुपवर टाकण्याची सवय आहे. तिथे रुग्णाच्या हाताचा फोटो तुमच्या फोनमध्ये सापडला तर त्याच दिवशी घरी पाठवतील, आणि डॉक्टरांनाही उत्तर द्यावं लागेल. गोपनीयतेच्या कायद्याचं प्रशिक्षण पहिल्याच आठवड्यात देतात, ते मनापासून करा.

पत्र चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला मागा, निरोपाच्या दिवशी नको. 'तुम्ही माझ्यासाठी जोरदार पत्र लिहू शकाल का?' असंच विचारा. समोरचा घुटमळला तर आभार मानून विषय सोडा, कोमट पत्र नसलेलं बरं. हो म्हणाले तर अर्जप्रणालीतून निघणारा विनंतीचा कागद, बायोडेटा आणि तुम्ही चर्चा केलेल्या चार-पाच केसेसची नावाविना टिपणं त्याच दिवशी द्या. पत्र लेटरहेडवर, सहीचं हवं, आणि डॉक्टरांनी किंवा त्यांच्या कार्यालयानेच ते अपलोड करायचं असतं. ते वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण करा. तसं न केलेल्या पत्रावर प्रोग्रामवाले कमी विश्वास ठेवतात.

प्रश्न : मुलाची एमबीबीएस झाली. एक सल्लागार म्हणतो, आठ आठवडे 'हँड्स-ऑन' रुमॅटॉलॉजी, पत्राची हमी, टुरिस्ट व्हिसावर. काही लाख आगाऊ मागतोय. भरावेत का?
– पालक, बार्शी

नाही. कारण सांगतो, म्हणजे मुलालाही पटवून देता येईल. व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे बी-१ वर, परदेशी डॉक्टरला तिथली वैद्यकीय पद्धत बघता येते आणि सहकाऱ्यांशी चर्चा करता येते, पण रुग्णसेवा करता येत नाही आणि मोबदला घेता येत नाही. पदवीआधीच्या विद्यार्थ्याची मेडिकल स्कूलमधली इलेक्टिव्ह याच व्हिसावर चालते, तो वेगळा अपवाद आहे. तुमच्या मुलाची पदवी झालेली आहे. त्याने रुग्णाला तपासलं तर नियम मोडणारा तोच ठरेल, सल्लागार नाही, आणि पुढे रेसिडेन्सीचा व्हिसा मागताना ते आड येऊ शकतं. पत्राची हमी तर आणखी वाईट. मुलाला पाहण्याआधीच ठरलेलं पत्र सगळ्यांना सारखंच मिळतं, आणि प्रोग्रामवाल्यांनी ती भाषा आधी पाहिलेली असते.

पैसे घेणारी प्रत्येक जागा खोटी असते असं नाही, कित्येक रुग्णालयं स्वतः ऑब्झर्व्हरशिपचं शुल्क घेतात. भरण्याआधी डॉक्टरांचं पूर्ण नाव, क्लिनिकचा पत्ता आणि तारखा लेखी मागा, आणि त्या क्लिनिकला थेट फोन करून खात्री करा. निमंत्रणपत्रात 'फक्त निरीक्षण, रुग्णसेवा नाही, मोबदला नाही' ही तिन्ही वाक्यं हवीत. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला हेच पत्र, कॉलेजची कागदपत्रं आणि खर्च कोण करणार याचे पुरावे न्या, आणि विचारलं तर 'ऑब्झर्व्हरशिपला चाललोय' असंच सांगा. 'फिरायला' म्हणून सांगितलं आणि पुढे विमानतळावर बॅगेतून हे पत्र निघालं, तर परत फिरावं लागू शकतं.

प्रश्न : मुलगी एमडी मेडिसिन आहे. तिला रुमॅटॉलॉजीच करायची आहे, पण अमेरिकेचाच आग्रह नाही. इंग्लंड किंवा भारतात काय?
– पालक, अक्कलकोट रोड

एमडी झालेल्या मुलीला आम्ही आधी भारतातला रस्ता सुचवू. नीट-एसएस ही सुपर स्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा देऊन क्लिनिकल इम्युनॉलॉजी आणि रुमॅटॉलॉजीतली तीन वर्षांची डीएम ही पदवी, किंवा तिच्या तोडीची डीआरएनबी. अमेरिकेत तिला मेडिसिनची तीन वर्षं पुन्हा करावी लागतील, इथे नाही. इंग्लंडचं मन असेल तर एमआरसीपी ही तिथली मेडिसिनची पदव्युत्तर परीक्षा पूर्ण करावी. ती आणि भाषेची अट पूर्ण असेल तर नोंदणीसाठी प्लॅब ही परदेशी डॉक्टरांची परीक्षा द्यावी लागत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात ७ हवेत. तिथे बिनपगारी निरीक्षणाला क्लिनिकल अटॅचमेंट म्हणतात आणि ती स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर करता येते. ओपीडीत बसण्याआधी वर सांगितलेले २८ सांधे तिलाही लागतीलच.

प्रश्न : ऑब्झर्व्हरशिप संपवून परत आलो. अर्जात ती कशी लिहावी? मित्र म्हणतो, 'एक्स्टर्न' लिही, कोण बघतंय.
– डॉ., सोलापूर

जे होतं तेच लिहा. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, 'तिथे तुम्ही स्वतः काय करत होता?' तिथे गोंधळलात की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते, आणि त्या डॉक्टरांच्या पत्रात 'ऑब्झर्व्हर' असंच लिहिलेलं असतं.

नोंदीत तारखा, आठवड्याचे तास, क्लिनिकचं स्वरूप आणि डॉक्टरांचं पद द्या. मग दोन-तीन ओळी: कोणत्या प्रकारचे रुग्ण पाहिले, कोणती मांडणी केली, काय वाचलं. 'रुग्णांचं व्यवस्थापन केलं' असं क्रियापद वापरू नका. 'चर्चेत भाग घेतला', 'मांडणी केली', 'निरीक्षण केलं' ही खरी आहेत. प्रत्यक्ष हाताने केलेलं काम सोलापूरच्या नोंदीखाली लिहा, तिथे ते पूर्ण खरं आहे: किती ओपीडी, किती रुग्ण, सांध्यातलं पाणी किती वेळा काढलं, कुणाच्या देखरेखीखाली. ही टिपणं आजपासून एका वहीत तारखेनिशी ठेवा, रुग्णाचं नाव न लिहिता. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेले आकडे गोल असतात आणि ते लगेच ओळखू येतात.